सरावाचा हात

"हलू नकोस. नाक खाजलं तरी नाही," कंपनीच्या मॅडम म्हणाल्या आणि तिने डावा हात कोपरापर्यंत त्या गुलाबी लगद्यात बुडवला.

लगदा गार होता. दातांचे डॉक्टर कवळीचं माप घेताना तोंडात कोंबतात तसलाच, फक्त बादलीभर. बोटांच्या बेचक्यांत तो सावकाश शिरला, मनगटाभोवती आवळत गेला आणि हळूहळू घट्ट व्हायला लागला. तिला हसू येत होतं. समोर रंगाचं काम करणाऱ्या बाई स्टुलावर बसल्या होत्या. अख्खी कंपनी त्यांना रंगूताई म्हणायची.

"हसलीस तर साचा हसरा निघेल," रंगूताई म्हणाल्या. "मग मुली म्हणतील, पेशंटला गुदगुल्या होतायत."

तिसरं वर्ष संपल्यावर कॉलेजातल्या प्रत्येकाला वर्षभर कुठल्यातरी कारखान्यात काम करावं लागे. तिच्या मैत्रिणी गाड्यांच्या, रंगांच्या, मोबाइलच्या कंपन्यांत लागल्या. तिच्या वाट्याला आली ही कंपनी. इथे नर्सिंगच्या विद्यार्थिनींना सरावासाठी लागणारी माणसं बनत. सुया टोचायला दंड, नळी घालायला गळे, आंघोळ घालायला तान्ही बाळं. "माणसांचे सुटे भाग," असं तिने घरी सांगितलं, तेव्हा धाकट्या भावाने ताटावरून उठून तिला सलाम ठोकला होता.

नाडी बघायला आणि सुई टोचायला शिकवणारा हात हा कंपनीचा सगळ्यात जास्त खपणारा माल. पण त्याचा साचा झिजला होता. तळव्याच्या रेषा पुसट झाल्या होत्या, नखं बोटांत विरघळल्यासारखी दिसत. नवा हात हवा होता, तरुण आणि शिरा वर आलेला. सगळ्यांच्या बाह्या वर करून पाहणी झाली. रंगूताईंनी तिचं मनगट धरून उजेडाकडे वळवलं आणि निकाल दिला, "शोधत बसायला नको. हीच."

तिला खरंतर बरं वाटलं होतं. लागून जेमतेम महिना झाला होता. त्या महिन्यात तिने मोजमापं घेतली, रबराचे तुकडे ताणून तोडले आणि सगळ्यांच्या चहाचे कप उचलले. आता निदान काहीतरी तिचं म्हणावं असं तिथे राहणार होतं.

"ओढ आता. हळू," मॅडम म्हणाल्या.

ओला आवाज करत हात बाहेर आला. तिने बादलीत डोकावून पाहिलं. आत तिच्या हाताच्या आकाराचा अंधार होता.

पहिला हात तयार झाला तेव्हा रंगूताईंनी तो टॉवेलात गुंडाळून तिच्या ओंजळीत ठेवला. "घे, तुझा तू धर." भट्टीतून नुकताच काढलेला म्हणून तो कोमट होता. करंगळी वाकडी होती. लहानपणी भावाने दार आपटलं होतं तेव्हापासूनची. मनगटाच्या वर इस्त्रीचा चटका होता, चिंचोक्याएवढा.

"हे काढायचं का?" तिने विचारलं.

"कशाला?" मॅडम म्हणाल्या. "खऱ्या माणसाला डाग असतातच. राहू दे."

तिने तो हात टेबलावर ठेवला. ठेवताना तिच्या लक्षात आलं, आपण तो आपटू नये म्हणून खालून आधार दिलाय, झोपलेल्या माणसाचा हात ठेवतात तसा.

त्यानंतर हात निघत गेले. मांडणीवर आकड्यांना ओळीने टांगलेले, तळवे बाहेर. दुपारनंतर खिडकीतून ऊन आलं की ते इतके खरे दिसत की पाहुणे दारातच थबकत. कारखान्यातल्या लोकांना मात्र त्याचं काहीच वाटत नसे. कुणी एखादा हात बगलेत मारून फोनवर बोलत फिरे, कुणी त्याच्या बोटांत स्वतःच्या गाडीची किल्ली अडकवून ठेवी. ती जाता-येता बघायची आणि नजर काढून घ्यायची.

हातांच्या आत पंप बसवायचं काम ठोके करत. ते काही त्यांचं आडनाव नव्हे. आधी ते माशांच्या टाक्यांचे पंप दुरुस्त करत. इथे येऊन नाडीचे ठोके बसवायला लागले आणि ठोके झाले. एकदा बाहेरून आलेल्या लोकांना ते नवा हात समजावून सांगत होते. ती शेजारी वही घेऊन उभी होती. बोलता बोलता ठोक्यांनी न बघता बाजूचा हात ओढला, उताणा केला, अंगठ्याने शीर दाबून दाखवली, करंगळी हलवून दाखवली. त्यांना जाणवलं ते तिने बोटं मिटल्यावर.

"अरेच्चा!" ते दचकून म्हणाले. "हा चालू आहे!"

सगळे हसले. तीही हसली. पण त्या दिवशी घरी जाईपर्यंत तिने तो हात खिशातून काढला नाही.

पुढे पुढे सकाळी जाग आली की डावा हात बधिर असायचा. अंगाखाली सापडला असणार, दुसरं काय. उजव्या हाताने उचलून तो मांडीवर ठेवावा लागे आणि मुंग्या येईपर्यंत थांबावं लागे. एका सकाळी असं थांबलेली असताना तिच्या ध्यानात आलं की आपण हाताच्या कडेवरून बोट फिरवतोय. साच्याचे दोन भाग जुळतात तिथली शिवण शोधतोय. ती ताडकन उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन आईजवळ उभी राहिली.

"काय गं? अशी काय बघतेस?"

"काही नाही. चहा टाकतेस?"

आई चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर अनोळखी माणसांच्या कानांमागे, नाकावर तिची बोटं फिरत. काड्या वाकव, पुन्हा लाव, पुन्हा काढ. तिला माणसांना हात लावायचा संकोच नव्हता. पण घरात मात्र ती क्वचितच कुणाला जवळ घेई. वडील गेल्यापासून तर नाहीच. ते गेले तेव्हा मुलगी पाचवीत होती आणि भाऊ बालवाडीत. त्या दिवसाबद्दल घरात कधी कुणी बोललं नाही. ठरवून नव्हे, विषयच निघाला नाही, आणि मग तो न निघण्याची सवय झाली.

नव्या हातात नाडी तिचीच घातली. ठोक्यांनी तिच्या मनगटाला पट्टा बांधून ती टिपून घेतली. तयार हात तपासायचे म्हणजे बाकावर ओळीने मांडायचे, पंप चालू करायचे आणि एकेका मनगटावर बोटं ठेवत पुढे जायचं. ते काम तिच्याकडे आलं. आधी सगळे हात आपापल्या तालात चालत. मग काय व्हायचं कुणास ठाऊक, बराच वेळ चालू ठेवले की ते एकमेकांना धरून चालू लागत. ठोके म्हणायचे, बाक एकच आहे, हादरे एकमेकांना लागतात. असेल. पण शेवटच्या हातावर बोटं ठेवून ती उभी राहिली की तिला वाटे, आता आपल्या छातीतलंही त्यातच मिसळलंय, आणि आधी कोण सुरू झालं ते सांगता येणार नाही.

मग नर्सिंग कॉलेजच्या मोठ्या सिस्टर आल्या. उंच, करड्या केसांच्या, बोलणं तुटक. हात त्यांना पसंत पडला. तक्रार वेगळीच होती.

"नाडी बंद पडते ते काही खरं नाही," त्या म्हणाल्या. "अभ्यासक्रमात ते असतं. पेशंट जातो तेव्हा बोटांना काय कळतं ते मुलींना माहीत हवं. तुमचा हात पंखा बंद केल्यासारखा थांबतो. मुली हसतात. मग वॉर्डात पहिल्यांदा खरं घडतं तेव्हा कोलमडतात."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. "तुझ्या प्रकल्पात हे घे. वर्षाचा अहवाल त्यावरच लिही."

तिने हॉस्पिटलांतून आलेख मागवले, पुस्तकं चाळली. पण आलेख हृदयाचे होते. बोटाला काय लागतं ते त्यांत नव्हतं. ठोक्यांनी आणि तिने मिळून बरेच प्रकार करून पाहिले. हळू होत जाणारी, मंद होत जाणारी, अडखळणारी नाडी. मोठ्या सिस्टर येत, हात धरत, मान हलवत.

"नाही. अशी जात नाही."

"मग कशी जाते?" तिने एकदा न राहवून विचारलं.

"सांगता आलं असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते?"

एका दुपारी सगळे जेवायला गेले होते. तिची भूक मेली होती. ठोक्यांच्या टेबलावर बोटाचा दाब टिपणारी चकती होती. त्यावर टकटक केलं की तसाच ठोका हातात उमटे. ती खुर्ची ओढून बसली. चकतीवर बोट ठेवलं. आणि काही ठरवायच्या आत बोट चालू लागलं.

घाईघाईने. जिना उतरणाऱ्या पावलांसारखं. मग दोऱ्यासारखं बारीक. आहे की नाही कळू नये इतकं. मग थांबलं. मग दोन लगोलग, चुकून आल्यासारखे. पुन्हा थांबलं, जास्त वेळ. मग एक. मग नाही.

बोट चकतीवर तसंच राहिलं. बाहेर जेवणाच्या खोलीत भांड्यांचा आवाज होत होता.

आजारपणात नाडी कुठे लागते ते वडिलांनीच तिला दाखवलं होतं, वेळ जात नाही म्हणून, खेळ म्हणून. त्या दिवशी सकाळी आत्या म्हणाली होती, बाबांचा हात धरून बस. ती दाराच्या बाजूला बसली आणि तिची बोटं आपसूक त्या जागी गेली. पलीकडे भिंतीच्या बाजूला आई होती, दुसरा हात धरून. मग घंटा वाजली, आत्या म्हणाली, डॉक्टर आले, दार उघड. तिने हात सोडला आणि दार उघडायला गेली. इतकंच. कुणी कधी विचारलं नव्हतं, म्हणून तिने कधी सांगितलं नव्हतं. तिला तर वाटत होतं, आपण ते विसरलोय.

पुढच्या वेळी मोठ्या सिस्टर आल्या तेव्हा त्यांनी नेहमीसारखी दोन बोटं मनगटावर ठेवली. नाडी संपली तरी त्यांनी बोटं लगेच उचलली नाहीत. मग चष्मा काढून पदराने पुसत म्हणाल्या,

"ही कुणाची आहे?"

"कुणाची नाही. बसवलेली आहे."

"हं," सिस्टर म्हणाल्या. चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "हीच राहू दे."

हात बाहेरगावी जाऊ लागले. एका कॉलेजात पहिला तास पाहायला तिला पाठवलं. मोठी खोली, ओळीने पलंग. प्रत्येक पलंगावर उशी, चादर, आणि चादरीच्या कडेतून बाहेर आलेला एक हात. वाकड्या करंगळीचा. पांढऱ्या कपड्यांतल्या मुली पलंगाशी बसल्या, चिवचिवल्या, मग शांत झाल्या. ती मागे भिंतीला टेकून उभी होती. हात थांबत गेले, एक इथला, एक तिथला. कुणी हसलं नाही. एक मुलगी हुंदका देऊन बाहेर पळाली. दुसरी, सगळ्यात पुढची, हात हलवत हळू आवाजात म्हणत होती, "ए, उठ ना. उठ ना गं."

मागे भिंतीशी, कुणाचं लक्ष नाही असं बघून तिने स्वतःचं डावं मनगट उजव्या हाताने धरलं. नाडी लागेना. जागा चुकली असेल म्हणून बोटं सरकवली, पुन्हा सरकवली. लागल्यावरही तिने मनगट सोडलं नाही.

वर्ष संपत आलं तेव्हा कंपनीने कामगारांच्या घरच्यांना बोलावलं. असं दरवर्षी होई. सरबत, बिस्किटं, आणि "आमची माणसं काय करतात ते बघा" म्हणून एक फेरी. आई ठेवणीतली साडी नेसून आली. भाऊ कानात गाणी घालून आला आणि मांडणीपाशी पोचल्यावर त्याने ती काढली.

"ताई," तो म्हणाला, "तू इतक्या ठिकाणी हात मारशील असं वाटलं नव्हतं."

आई मात्र जवळ गेली. तिने एका हाताची करंगळी हलकेच सरळ करून पाहिली. ती पुन्हा वाकडी झाली.

"अगं बाई," ती म्हणाली. "सगळे तुझेच?"

"सगळे."

"आणि लोक यांना सुया टोचतात?"

"शिकायला टोचतात, आई."

आईने पदर सावरला आणि पुढच्या हाताकडे न बघता चालू लागली.

मॅडमनी तिला कुणाची तरी ओळख करून द्यायला हाक मारली. ती सरबताच्या टेबलापाशी गेली. तिथून तिने पाहिलं, ठोके आईला खुर्ची देत होते. "बसा काकू. बघा तरी आपल्या पोरीची कमाल." समोर उशीवर हात होता. आईने दोन बोटं ठेवली. कशी ठेवायची ते ठोक्यांना सांगावं लागलं नाही.

तिला ओरडावंसं वाटलं, तो प्रोग्राम नको, दुसरा लावा. पण हातातला पेला भरलेला होता, समोरचे गृहस्थ काहीतरी विचारत होते, आणि एवढ्या लांबून आईची फक्त पाठ दिसत होती. ती पाठ ताठ झाली.

पेला ठेवून ती पोचली तोवर ठोके हसत म्हणत होते, "झालं काकू. संपलं. सोडा आता."

आईने सोडलं नाही.

"काकू?"

"थांबा," आई म्हणाली.

ठोक्यांनी मुलीकडे पाहिलं. आई डोकं जरासं खाली घालून बसली होती. दुकानात काडी कानाला टोचते का ते बघताना बसायची तशी. बराच वेळ गेला. मग तिने बोटं उचलली आणि मान वर केली. मुलीला तिथे पाहून ती दचकली नाही.

"एक राहिलाय," ती म्हणाली.

परतताना बसमध्ये भाऊ पुढे उभा राहिला. त्या दोघींना मागे जागा मिळाली. आईने पर्स मांडीवर ठेवली होती आणि तिचा बंद ती उघडत मिटत होती.

"तुला आठवतंय होय ते," आई म्हणाली.

"मला नाही. बोटांना आठवत होतं."

"मला वाटायचं, तू लहान होतीस." बंद उघडला, मिटला. "तू दार उघडायला गेलीस. आत्या उठली. डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं, संपलं म्हणाले. मी पलीकडे होते. मी काही हात सोडला नव्हता."

तिने आईच्या बंदावरच्या बोटांकडे पाहिलं.

"आणि मग एक आला. चांगला जोरात. निघून गेलेलं माणूस काही राहिलं म्हणून परत येतं ना, दारातूनच हाक मारतं, तसा." आई खिडकीबाहेर बघत होती. "मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, बाई, आपल्याच बोटातली नाडी असते ती, आपल्याला त्यांची वाटते. चांगले होते हो डॉक्टर. समजावून सांगत होते. मीही हो म्हटलं."

"मग?"

"मग काय. अजून कळलं नाही, त्यांचा होता की माझा."

बस थांबली, माणसं चढली. गर्दीत भाऊ दिसेनासा झाला. आईने पर्स बाजूला केली, तिचा डावा हात आपल्या मांडीवर ओढला आणि मनगटावर बोटं ठेवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. बस निघाली, चौक मागे पडला, पूल आला. तिला वाटलं, आईचा डोळा लागला. आणि मग आईने बोटं दाबली. एकदाच.

"एवढ्या वेळाने," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती ठोक्यांच्या टेबलाशी बसली. नाडीचा प्रोग्राम उघडला. शेवटच्या ठोक्यापुढे सरळ रेघ होती. किती जागा सोडायची ते तिला पक्कं माहीत होतं. तिने चकतीवर बोट ठेवलं, आणि उचललं. पहिलं जे घातलं होतं ते तिचं होतं, त्यासाठी कुणाला विचारावं लागलं नव्हतं. हा ठोका आईचा होता. आणि आईला विचारायचं म्हणजे ते सगळं पुन्हा काढायचं. तिने प्रोग्राम तसाच बंद केला.

अहवाल लिहून झाला. शेवटच्या दिवशी मॅडमनी पेन दिलं, रंगूताईंनी गळामिठी मारली. तिथून थेट निघण्याऐवजी ती मांडणीपाशी गेली, पण करण्यासारखं काही नव्हतं. स्वतःच्याच इतक्या हातांपैकी कुणाशी हात मिळवायचा? ती निघून आली.

कॉलेज पुन्हा सुरू झालं. सकाळचा बधिरपणा कमी झाला, मग गेलाच.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी ठोक्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं विचारून झालं. मग ते घुटमळले.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"काय झालं?"

"तक्रारी यायला लागल्यात. एका नाही, वेगवेगळ्या कॉलेजांतून. म्हणतात, नाडी बंद झाल्यावर थोड्या वेळाने एक ठोका पडतो. सगळ्यांना नाही. ज्या मुली जास्त वेळ धरून बसतात त्यांनाच. तू जाताना गुपचूप काही घातलंस का?"

"नाही."

"रागावणार नाही गं मी."

"खरंच नाही घातलं."

"तसं मीही बघितलं म्हणा. प्रोग्रामात काहीच नाही." ठोके थांबले. "मग मी एक हात घेतला, पंप काढून बाजूला ठेवला. नुसतं रबर. आणि धरून बसलो."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "मग?"

"पडला."



"आपल्याच बोटातली नाडी असते ती," ती म्हणाली. "तशी लागते कधीकधी."

"मॅडमही तेच म्हणाल्या. मीही स्वतःला तेच सांगितलं. पण मग ती चालूच राहायला हवी ना? आपण काय बंद पडतो? एकच कशी पडेल?" ते हसायचा प्रयत्न करत होते. "असो. तो हात मी कपाटात ठेवलाय. कॉलेजांना काय दुरुस्ती कळवायची ते मॅडम विचारतायत. तुझं काम होतं ते, म्हणून म्हटलं तुला विचारावं. कळव सावकाशीने."

फोन ठेवून ती बाहेरच्या खोलीत आली. आई खिडकीशी बसून शेजारणीचा चष्मा नीट करत होती. छोटा स्क्रू बोटाच्या टोकावर धरलेला.

"कुणाचा गं?"

"कंपनीतून. हात बिघडलेत म्हणे."

"काय झालं त्यांना?"

ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "थांबल्यावर एक ठोका पडतो म्हणतात. मी नाही घातला, आई. कुणीच घातला नाही. पंप काढला तरी पडतो."

आईने स्क्रू भोकात बसवला. पहिल्यांदा बसला नाही, दुसऱ्यांदा बसला.

"पंप काढला तरी," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे माझाच होता तो." आवाजात काही नव्हतं. तिने पेचकस उचलला आणि स्क्रू फिरवू लागली. फिरवून झाल्यावरही ती तो फिरवतच राहिली.

"आई, ठोके म्हणत होते," मुलगी घाईने म्हणाली, "आपली असती तर पडतच राहिली असती. एकच कशी पडेल?"

पेचकस थांबला.

"असं म्हणाले?"

"असं म्हणाले. आणि विचारत होते, दुरुस्ती काय करायची ते कळव."

आईने चष्मा उजेडात धरून पाहिला, काचेवरून पदर फिरवला, काड्या मिटल्या.

"दुरुस्ती कसली त्यात," ती म्हणाली. "त्या मुलींना म्हणावं, हात सोडायची घाई करू नका."